देम्लो संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

एक ते नऊ हे अंक चढत्या क्रमाने आणि त्यापुढे आठ ते एक हे अंक उतरत्या क्रमाने मांडले असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी पूर्ण संख्या मिळते. ती डावीकडून वाचली काय वा उजवीकडून वाचली काय, सारखीच. नऊ वेळा एक हा अंक लिहून जी संख्या तयार होते, त्या ११,११,११,१११ चा हा वर्ग होय. शाळेत पाढे पाठ करताना किंवा सुट्टीतल्या कोड्यांच्या पुस्तकात हा वर्ग बहुतेकांच्या नजरेखालून गेलेला असतो. मात्र अशा संख्यांना स्वतःचे नाव आहे, ते नाव एका मराठी शाळामास्तरांनी दिले आणि ते मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून घेतले, ही माहिती त्या वर्गाबरोबर क्वचितच सांगितली जाते. ते मास्तर म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, आणि नाव 'देम्लो संख्या'.

आजच्या व्यवहाराच्या भाषेत ही संख्या वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१ असे म्हणावे लागेल. 'कोटी' हा शब्द दोनदा वापरल्याशिवाय गत्यंतर नाही. जुन्या गणितग्रंथांत ही अडचण नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दहं, शतं यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्यांत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी आणि अंत्य यांच्यानंतर सतरावे स्थान येते, त्याचे नाव 'मध्य'. प्रस्तुत संख्येतील पहिला एक याच मध्य स्थानी बसतो. सेकंदाला एक या गतीने कोणी मोजत बसला, तर ही संख्या पुरी होण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

हातचा न येणारा गुणाकार

संख्येचे रूप सुबक असले तरी त्यामागे गूढ काही नाही. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. हे गुणाकार कागदावर उभ्या मांडणीने करून पाहिले की कारण आपोआप दिसते. ११११ ला ११११ ने गुणताना ११११ हीच ओळ चार वेळा लिहावी लागते आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकते. बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. तेथून पुढे ओळी एकेक करून संपत जातात आणि रकान्यातील एकांची संख्या तीन, दोन, एक अशी उतरते. उत्तरातील प्रत्येक अंक म्हणजे त्या त्या रकान्यात किती एक आहेत याची निव्वळ मोजणी.

नऊ एकांच्या संख्येत मधल्या रकान्यात नऊ एक येतात. नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक. त्यामुळे संपूर्ण बेरजेत एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. या मालिकेचे सारे सौंदर्य हातचा नसण्यावर उभे आहे, आणि ते दहाव्या पायरीवर का मोडते याचे उत्तरही तेथेच आहे.

याच मोजणीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एक, म्हणजे एकूण ८१ एक मांडलेले असतात. म्हणून उत्तरातील अंकांची बेरीज, १ पासून ९ पर्यंत आणि परत १ पर्यंत, ८१ च भरते. या ८१ ने मूळ संख्येला गुणले तर ९९,९९,९९,९९९ चा वर्ग मिळतो, तो ९९९९९९९९८००००००००१. आणि ८१ ने भागले तर बाकी न उरता १२३४५६७९ चा वर्ग मिळतो. या आठ अंकी संख्येत १ ते ९ पैकी आठ हा अंक तेवढा नाही. तिला ९ ने गुणले की नऊ एकांची माळ तयार होते.

ग्वाल्हेरचा शिलालेख आणि महावीराचार्यांची माळ

हे सारे शक्य होते ते स्थानमूल्याच्या पद्धतीमुळे, म्हणजे एकच अंक घर बदलला की दसपट होतो या सोयीमुळे. रोमन लेखनात नऊ एकांची माळ कोणाला सुचणारच नाही. ही पद्धत भारतात दैनंदिन कामकाजात किती मुरली होती, याचा एक पुरावा ग्वाल्हेरला आहे. ग्वाल्हेरचा लष्कर भाग दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास उभा राहिला. इंदरगंज हा त्यातलाच एक गजबजलेला चौक. तेथून उत्तरेकडे किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन पूर्वेच्या चढाने वर निघाले की वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे छोटेखानी देऊळ लागते. देवळातील विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप २७० हात लांब व १८७ हात रुंद असे अंकांत लिहिलेले आहे, आणि देवाला रोज ५० हार पोहोचवण्याची तजवीजही नोंदवलेली आहे. २७० आणि ५० यांतील शून्य आजच्यासारखेच गोल आहे, फक्त इतर अंकांहून लहान.

हा जगातील सर्वांत जुना शून्य होय, असे उत्साहाने सांगितले जाते. ते खरे नाही. कंबोडियातील इसवी सन ६८३ च्या लेखात शून्य आढळतो. ग्वाल्हेरच्या लेखाचे महत्त्व निराळे आहे. तो लेख गणितज्ञाचा नाही. जमिनीचे माप आणि माळ्यांकडून यायच्या हारांचा आकडा नोंदवणाऱ्या दानलेखात शून्य इतक्या सहजपणे येतो, याचा अर्थ तो तोवर सर्वांच्या वापरातला झाला होता.

त्याच नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. गुणाकाराच्या उदाहरणांत त्यांनी मुद्दाम अशा संख्या निवडल्या की उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे. त्यांपैकी एक उत्तर १२३४५६५४३२१ हे आहे. एकापासून सुरू होऊन सहापर्यंत जाणारी व मग क्रमाने उतरणारी, असे त्या संख्येचे शब्दवर्णनही तेथे येते. २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणले की ती मिळते. या दोन्ही संख्या वर्ग आहेत, ५२९१ चा आणि २१ चा. आणि ५२९१ गुणिले २१ म्हणजे सहा एकांची संख्या. तेव्हा सहाव्या पायरीवरची देम्लो संख्या हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी या देशात माहीत होती. कापरेकरांचे श्रेय अशा वर्गांच्या शोधात नाही. त्यांनी त्या वर्गांत एक वेगळीच ठेवण पाहिली आणि तिची व्याख्या केली.

डोंबिवलीचे नाव

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्याला, पदवीचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पदवीनंतर पुढचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत राहिले.

'देम्लो' हे डोंबिवली स्थानकाचे जुने इंग्रजी वळणाचे नाव. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या या स्थानकावर आपल्याला या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून ते नाव त्यांना दिले, असे कापरेकरांनी नोंदवून ठेवले आहे. गोव्याहून कोकण रेल्वेने मुंबईला जाणारी गाडी पनवेलनंतर दिवा जंक्शनला मुख्य मार्गाला मिळते. तेथून कल्याणच्या बाजूला कोपर आणि लगेच डोंबिवली. एखाद्या संख्याप्रकाराला उपनगरी स्थानकाचे नाव असावे, ही गणिताच्या इतिहासात दुर्मीळच गोष्ट म्हणावी लागेल.

कापरेकरांची व्याख्या अशी : संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करावेत. डाव्या व उजव्या भागांत अंक सारखे असावेत. त्या दोन भागांची बेरीज केली असता एकच अंक पुन्हा पुन्हा आलेली संख्या मिळावी, आणि मधल्या भागातही तोच अंक असावा. तो तेथे कितीही वेळा आलेला चालेल. १६५ मध्ये १ आणि ५ यांची बेरीज ६, मध्येही ६. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५, मध्ये ५५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ यांची बेरीज ७, मध्ये ७७७. आता १२३२१ घ्यावी : १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. आपल्या सतरा अंकी संख्येचा डावा भाग १२३४५६७८, उजवा भाग ८७६५४३२१, मध्ये ९. दोन्ही भागांची बेरीज ९९९९९९९९. आठही घरांत नऊ, मध्यभागीही नऊ.

व्याख्येचा हेतू येथे लक्षात येतो. केवळ 'चढता-उतरता क्रम' म्हटले तर नऊ पायऱ्यांवर गोष्ट संपते. कापरेकरांच्या व्याख्येत १६५ सारख्या, कसलाही मनोरा नसलेल्या संख्याही बसतात आणि अशा संख्या कितीही मोठ्या रचता येतात. एकांच्या वर्गांचा मनोरा हे त्या कुटुंबातले फक्त एक देखणे घराणे. त्या वर्गांना ते 'अद्भुत देम्लो संख्या' म्हणत. याविषयीचा त्यांचा लेख १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आला, आणि पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला अधिक शास्त्रीय मांडणीचा निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तरीही त्यांचे काम पोरखेळ समजले गेले. विद्यापीठीय गणितज्ञांपैकी अनेकांना ही अंकांची करमणूक वाटे. कापरेकर परिषदांना स्वखर्चाने जात आणि पुस्तिकाही पदरमोड करून छापत. चार अंकी संख्यांच्या वजाबाकीतून निघणारा ६१७४ हा स्थिरांक त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीलाच त्यांचे निधन झाले.

पोरखेळाचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, हेही मान्य करायला हवे. अंकांच्या मांडणीवर अवलंबून असलेले गुणधर्म हे संख्येचे अंगभूत गुणधर्म नव्हेत. लिहिण्याची पद्धत बदलली की ते नाहीसे होतात. दहाऐवजी बाराच्या आधाराने अंक लिहिणारा समाज असता तर त्याचा मनोरा अकरा पायऱ्या चढला असता. पण या आक्षेपावरून कापरेकरांचे काम बाजूला सारणाऱ्यांनी दहाव्या पायरीवर काय होते, ते पाहायला हवे होते.

दहावी पायरी

दहा एकांच्या संख्येचा, म्हणजे १,११,११,११,१११ चा वर्ग करताना मधल्या रकान्यात दहा एक येतात. शून्य लिहून एक हातचा घ्यावा लागतो. तो हातचा डावीकडच्या नऊमध्ये मिळाला की तेथेही दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि हातचा तेथे विरतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ हा अंक डाव्या बाजूने गायब झाला आणि मध्ये दोन शून्ये आली. मनोरा मोडला; उलटसुलट सारखेपणाही गेला. शिवाय ही एकोणीस अंकी संख्या लीलावतीतल्या अठरा स्थानांच्याही पलीकडे, परार्धाच्या वर एक घर जाते.

पण या मोडक्या संख्येचे दोन भाग करावेत. उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१, आणि उरलेले डावीकडचे नऊ अंक १२३४५६७९०. दोहोंची बेरीज करावी. ती येते १,११,११,११,१११. ज्या संख्येचा वर्ग केला, तीच परत.

वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी भरावी, हा गुणही कापरेकरांनीच टिपलेला आहे आणि अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. देम्लो मालिका जिथे संपते नेमक्या त्याच पायरीवर एक कापरेकर संख्या उभी असते.

हा योगायोग नाही. सिद्धता शालेय बीजगणितात मावते. वर्गाचा डावा तुकडा 'अ' आणि उजवा दहा अंकी तुकडा 'ब' मानला, तर वर्ग म्हणजे अ च्या पुढे दहा घरे सोडून मिळवलेला ब. मूळ संख्या अ अधिक ब असेल, तर वर्गातून मूळ संख्या वजा केल्यावर अ गुणिले दहा नऊ, म्हणजे अ गुणिले ९,९९,९९,९९,९९९ उरायला हवे. आता वर्ग वजा मूळ संख्या म्हणजे मूळ संख्या गुणिले तिच्याहून एकने लहान संख्या. आणि दहा नऊ म्हणजे मूळ संख्येची नऊपट. दोन्हीकडची मूळ संख्या काढून टाकली की प्रश्न एवढाच राहतो : १,११,११,११,११० या संख्येला ९ ने निःशेष भाग जातो का? तिच्या अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून जातो, आणि भागाकार १२,३४,५६,७९० हाच अ होय. नऊ एकांच्या बाबतीत हीच कसोटी लावली तर ११,११,११,११० च्या अंकांची बेरीज ८ येते. भाग जात नाही. तेथे वर्गाचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे तुकडे केले तर बेरीज ९९,९९,९९,९९९ येते, म्हणजे मूळ संख्येच्या बरोबर नऊपट. तेव्हा नऊ एकांची संख्या कापरेकर संख्या नाही.

अवयव आणि विभाजक

नऊ एकांची संख्या म्हणजे १११ गुणिले १००१००१. यांपैकी १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. शेवटची ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून वर्गात ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतात. विभाजकांची एकूण संख्या ४५. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषम असतात, त्याला हे धरूनच आहे. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे ही 'हर्षद' संख्याही ठरते. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हे नाव कापरेकरांनीच दिले : हर्ष देणारी ती हर्षद. दहाव्या पायरीची संख्या मात्र हर्षद नाही. तिच्या अंकांची बेरीज ८२ आहे आणि विषम संख्येला सम संख्येने भाग जाणे शक्य नाही.

संगणकावरची गफलत

हा गुणाकार संगणकावर पडताळणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. बहुतेक हिशेबतक्ते पंधरा अंकांपुढे अचूकता ठेवत नाहीत. त्यांत उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे उमटते. अनेक संगणकभाषांची नेहमीची अंकपद्धती ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी साठवते. त्यापुढच्या टप्प्यात फक्त सम संख्या साठवता येतात. आपली संख्या या मर्यादेच्या पलीकडची आणि विषम, त्यामुळे शेवटचा एक जाऊन तेथे शून्य येते. दोन विषम संख्यांचा गुणाकार सम येऊ शकत नाही, हे ध्यानात असले की उत्तर चुकल्याचे तत्काळ कळते. मोठ्या पूर्ण संख्यांची खास सोय असलेल्या भाषांत किंवा कागदावर नऊ ओळी मांडून ते बरोबर येते.

कागद आणि सवड दोन्ही असतील त्यांना पुढची पायरी एकोणीस एकांची. वरची कसोटी तेथे पुन्हा लागू पडते, कारण शेवटच्या एकाच्या जागी शून्य घेतल्यावर उरलेल्या अठरा एकांची बेरीज १८ येते आणि तिला ९ ने भाग जातो. वर्गाचे दोन तुकडे पडतात १२३४५६७९०१२३४५६७९० आणि ९८७६५४३२०९८७६५४३२१. बेरीज पुन्हा एकोणीस एक. ही संख्या कापरेकर संख्या तर आहेच, शिवाय मूळ संख्याही आहे. ११ नंतर केवळ एकांनी लिहिलेली मूळ संख्या थेट येथेच भेटते, आणि तिच्यानंतरची तेवीस एकांची.